दुपारी चारची गोळी

४ मार्च

ढमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कुठेतरी कोंबशील, म्हणून पत्ता शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून लिहून घेतला आहे. एवढी लबाडी चालवून घे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला फोनवर धड बोलता येत नाही. "हो, हो, बरं" म्हणून मी ठेवून देते. कागदावर निदान मधे थांबता येतं.

काल मावशीचा फोन होता. ती म्हणाली, तुझा नवरा एक एप्रिलपासून आठ महिने दूरच्या बंदरावर कामाला जातोय, आणि तू छोटीला तिच्या आत्याकडे पाठवते आहेस. मी विचारलं, का?

"का म्हणजे? पोरीला फिट येऊ नये म्हणून दोन वेळा औषध लागतं. आजवर बाप देत होता. ही म्हणते, मी देणार नाही, माझ्या हातावर माझा भरवसा नाही. गेल्या नऊ वर्षांत तिने कुणाला साधं खोकल्याचं औषध दिलेलं नाही. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. तू औषधाचं दुकान सोडून पडद्यांच्या दुकानात लागलीस एवढं कळलं होतं. तेव्हा मी मनाशी म्हटलं, बरं झालं, दिवसभर काउंटरवर उभं राहून तिचे पाय सुजायचे. इतकं सोपं करून ठेवलं होतं मी.

छोटीला पाठवू नकोस. सहा वर्षांची मुलगी आठ महिन्यांत केवढी बदलून येते! आणि तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाही, मला माहीत आहे म्हणून म्हणते. कसं माहीत, ते सांगणार आहे. एक तारखेच्या आत सांगेन. पण मला तिथपर्यंत चालत यावं लागेल, एकदम उडी मारता येणार नाही.

तोवर माझ्या कामाबद्दल सांगते. मी झोपेच्या प्रयोगशाळेत आहे, आता सहा वर्षं झाली. हसू नकोस. माणसं आमच्याकडे झोपायला येतात. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो. मी त्यांच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला वायरी चिकटवते, दिवा मालवते आणि काचेपलीकडे बसून त्यांची झोप स्क्रीनवर सरकताना बघते. मग ठरल्या वेळी आत जाऊन उठवते. सगळे मला कोंबडा म्हणतात.

या वर्षी आमच्या मॅडमनी नवीन अभ्यास काढलाय. तोच माणूस दुपारी झोपला तर त्याला काय दिसतं, आणि रात्री झोपला तर काय. स्वप्न पडलं का, असं आम्ही विचारायचं नाही, कारण मग माणूस भिडेखातर एखादं रचून देतो. एकच प्रश्न विचारायचा: "जागे होण्याआधी मनात काय चाललं होतं?" आणि तो सांगेल ते तसंच्या तसं उतरवायचं.

सगळ्यांना विचारते. मला कुणी विचारत नाही.

ताई

८ मार्च

ढमे,

आज एक गंमत सांगते. गंमत आहे, पण मी ती चार दिवस पोटात घेऊन हिंडते आहे.

आमचे एक पाहुणे बसचे ड्रायव्हर आहेत. पन्नाशीचे, पोट पुढे आलेलं, बोलायला मोकळे. पहाटेची पाळी करून दुपारी येतात, त्यामुळे पाठ टेकायचा अवकाश की झोपतात. मंगळवारी दोन वाजता झोपले. खोलीचे पडदे ओढलेले होते, कडेने पट्टीएवढा उजेड आत येत होता. तो उजेड हळूहळू पलंगाच्या पायाकडे सरकत होता, आणि स्क्रीनवर त्यांच्या डोळ्यांच्या रेघा पाण्यात खडा पडल्यासारख्या थरथरत होत्या. अशा वेळी मला वाटतं, मीही कुणाच्या तरी झोपेत बसले आहे, आणि हललं तर ती मोडेल.

पावणेतीनला आत गेले.

"काका, जागे व्हा. जागे होण्याआधी मनात काय चाललं होतं?"

"अहो, पुन्हा? मघाशी सांगितलं की सगळं."

"कधी?"

"आत्ता! तुम्ही आलात, वायरी काढल्यात, मी बूट चढवले, तुमच्या त्या वहीत सही केली. जिन्यात तुमचा वॉचमन म्हणाला, काय काका, झाली का झोप? मी म्हटलं, फुकटची मिळाली तर कोण सोडतो?"

"काका, वायरी अजून डोक्याला आहेत."

त्यांनी हात वर नेऊन चाचपलं. मग पायांकडे बघितलं. पायात मोजेच होते.

"मग सही?"

मी वही आणून दाखवली. त्यांच्या नावापुढची जागा कोरी होती. त्यांनी ती वही इतका वेळ हातात धरली की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"शपथेवर सांगतो बाई, पेन नीट उमटत नव्हतं. दोनदा गिरवली सही."

मग हसले आणि म्हणाले, "हे जड जाणार बघा. उद्या स्वप्नात स्टॉपवर गाडी थांबवीन आणि खरीखुरी थांबवायचीच राहील. लोक शिव्या घालतील ते वेगळंच."

हेच काका शुक्रवारी रात्रीच्या झोपेला आले होते. पहाटे उठवलं तेव्हा म्हणाले, बस समुद्राच्या तळाशी चालली होती, आत सगळे त्यांचे शाळामास्तर बसले होते आणि एकेकाच्या मांडीवर शेळी होती. कुणाचंच तिकीट नव्हतं. हे सांगता सांगता स्वतःच हसत सुटले. वही बघायला मागितली नाही.

मॅडम म्हणतात, रात्री जसजशी सरते तसतसा स्वप्नांचा पट्टा लांबत जातो, म्हणून पहाटेची स्वप्नं अशी लांबलचक आणि अजब असतात. दुपारची डुलकी छोटी. तिच्यात पुष्कळदा काहीच नसतं, किंवा तुटक चित्रं असतात. मात्र झोपेचं मागचं देणं फार साठलेलं असलं, की डोळा लागताच माणूस स्वप्नात शिरतो, आणि जिथे झोपला तीच खोली बरोबर घेऊन जातो. मॅडम लगेच बजावतात, ही आपली नोंद आहे, सगळ्यांचं असंच असतं असं म्हणायला अजून खूप झोपा बघायला हव्यात.

मला त्या सगळ्या झोपा बघायला वेळ नाही. मी एवढंच बघितलं, की रात्रीचं खोटं डोळे उघडताच कळतं, आणि दुपारचं खोटं आपल्याच घरातले कपडे घालून येतं.

छोटीची बॅग भरायला घेतली असलीस तर थांब.

ताई

१२ मार्च

ढमे,

तुझं उत्तर नाही. मी वाटही बघत नव्हते, असं लिहिणार होते. बघत होते.

आज बाबांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल लिहायचं आहे. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. माझं कुठे चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त कर.

बाबांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले होते आणि त्याची गोळी आठ आठ तासांनी होती: सकाळी आठ, दुपारी चार, रात्री बारा. मी सकाळी शाळेच्या ऑफिसात टायपिंग करून दीडला घरी यायचे. तू नऊला दुकानात जायचीस ती साडेसातला परत. म्हणून आपण वाटून घेतलं होतं. रात्र तुझी, दुपार माझी. सकाळची आणि मध्यरात्रीची गोळी तू द्यायचीस, चारची मी. कपाटाच्या दारावर तू चौकटींचा कागद लावला होतास आणि दोऱ्याने पेन्सिल बांधली होतीस. गोळी दिली की खूण. मी हसले होते, "दुकान घरी आणलंस काय?" तू म्हणाली होतीस, "ताई, माणूस थकला की डोकं खोटं बोलतं. कागद बोलत नाही."

तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस. रात्रभर बाबांच्या खोलीत आणि दिवसभर काउंटरवर. तू कधी झोपायचीस ते मला आजही माहीत नाही. मीही फारशी झोपत नव्हते. पलीकडच्या खोलीत पडून मी तुझी चाहूल ऐकायचे.

शनिवारी पहाटे बाबा गेले. मग दादा आला. दुसऱ्या दिवशी टेबल आवरताना त्याने औषधं काढली. कागदावर पंधरा खुणा होत्या. एकवीस गोळ्यांतल्या सहा उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या सात.

दादाने पट्टी दोनदा मोजली. तू त्याच्या हातातून घेऊन तिसऱ्यांदा मोजलीस. मग तू म्हणालीस, "माझीच राहिली असेल. सकाळी आठला मी उभ्या उभ्या झोपत होते."

आणि दादा म्हणाला, "औषधाच्या दुकानात उभी राहतेस आणि घरातल्या एका माणसाला गोळी देता येत नाही तुला?"

डॉक्टर नंतर म्हणाले होते, एवढ्या थकलेल्या हृदयाचं एका गोळीवरून सांगता येत नाही, तशीही वेळ आली होती. पण ते तू ऐकलं असशील असं मला वाटत नाही. तू तोवर स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसली होतीस. घासलेलीच भांडी परत घासत होतीस.

मी खिडकीपाशी उभी होते. मी काही बोलले नाही. त्या दिवसांत घरात कुणीच कुणाशी धड बोलत नव्हतं.

वरचं शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. मी कशी लिहिते ते तुला कळलेलं बरं.

ताई

१६ मार्च

ढमे,

काल मी स्वतः झोपले. एक पाहुणी ऐन वेळी आली नाही. मॅडम म्हणाल्या, यंत्रं तापलेली आहेत, खोली मोकळी आहे, कोंबड्याने आज झोपावं. दुसऱ्या पाळीच्या मुलीने मला वायरी लावल्या. तिच्या बोटांना गोंदाचा वास होता. माझ्याही बोटांना तो रोज येत असणार, पण तो झोपणाऱ्याला किती जवळून येतो ते मला पहिल्यांदाच कळलं.

पडदे ओढले. पंख्याचा आवाज दूर गेला, मग जवळ आला. भिंत पांढरी होती ती दुधासारखी हलकेच हलली. मला वाटलं, झोप काही लागत नाही, उठून बसावं. म्हणून मी उठून बसले. शेजारी दुसरा पलंग होता, जो तिथे कधीच नसतो, आणि त्यावर बाबा पडले होते. त्यांच्या कपाळावर आमच्याच वायरी होत्या, अगदी नीट लावलेल्या, अशा मलाही जमत नाहीत. ते छताकडे बघत होते. कसलीही घाई नव्हती त्यांना. म्हणाले, "ढमी आली का?"

मी म्हटलं, "यायची आहे."

"मग तोवर तू सांग."

"काय सांगू?"

"जागी होण्याआधी तुझ्या मनात काय चाललं होतं?"

बाहेर कुठेतरी नळाला पाणी आलं होतं, बादलीत पडत होतं, आणि मला फार बरं वाटत होतं. वाटत होतं, आता सांगेन. तोंड उघडलं, आणि खांद्यावर हात आला.

ती मुलगी वही घेऊन वाकली होती. "ताई, जाग्या होण्याआधी मनात काय चाललं होतं?"

मी म्हटलं, "काही नाही. रिकामं होतं."

तिने लिहून घेतलं. वायरी काढताना म्हणाली, "पण ताई, तुमचे डोळे तर केवढे पळत होते."

सहा वर्षं मी लोकांकडून खरं काढून घेते आहे आणि माझी पाळी आली तेव्हा एका शब्दात उरकलं. विचार करून खोटं बोलले असंही नाही. कुणी समोर वाकून विचारलं की माझ्या तोंडातून सोपं तेच बाहेर पडतं. "हो" सोपं असलं तर हो, "नाही" सोपं असलं तर नाही.

आज सकाळी मॅडमना सांगून ती नोंद रद्द करायला लावली. त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं?" मी म्हटलं, आहे.

ताई

१८ मार्च

ढमे,

आज विचारलं. सहा वर्षं जो प्रश्न विचारण्यासाठी मी इथे नोकरी धरून बसले आहे, तो आज विचारला.

मॅडम खिडकीत डबा खात होत्या. साठीच्या आहेत, खाताना बोललेलं त्यांना आवडत नाही, पण मी दारातच उभी राहिले तशा म्हणाल्या, "बोल. चेहरा घेऊन उभी राहू नकोस."

"मॅडम, एखादा माणूस खूप दिवस नीट झोपलेला नसेल. दुपारी खुर्चीत त्याचा डोळा लागला, आणि एखादं काम आपण केलं असं त्याने स्वप्नात पाहिलं, तर उठल्यावर ते केलंच असं त्याला वाटू शकेल?"

"तुझ्या ड्रायव्हरला वाटलंच की."

"पण अगदी खात्रीने? म्हणजे तो खोटं बोलत नसेल?"

"नसेल."

ढमे, मी दाराची चौकट धरली. एवढा एक शब्द ऐकायला मी किती लांबून आले होते! मला वाटलं, आता रडू येईल, आणि मग सगळं संपेल.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "किती वेळ वाटेल, ते नाही विचारलंस?"

"किती वेळ?"

"जाग नीट येईपर्यंत. काही मिनिटं. फार तर अर्धा तास म्हण. पुढे माणूस खोलीत वावरायला लागतो, वस्तू बघतो, हाताला काही लागतं, आणि शंका येते. तुझ्या ड्रायव्हरला वही दाखवल्यावर आली ना? शंका आली की झोपेचं काम संपलं. पुढचं जागेपणीचं."

मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "कुणाबद्दल विचारतेस?"

मी म्हटलं, "माझ्या एका ओळखीच्या बाईबद्दल."

त्यांनी पुढे विचारलं नाही. हात धुवायला गेल्या. मी तिथेच उभी होते. मला हवी होती ती माफी मिळाली होती, आणि ती अर्ध्या तासाची होती.

ताई

१९ मार्च

ढमे,

आता लिहिते. हे पत्र उभ्यानेच वाचू नकोस, बस.

तो शुक्रवार होता. मी बाबांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत होते. पावणेचारला घड्याळ बघितलं. मग मी उठले, पट्टीतून गोळी काढली, तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं, बाबांच्या मानेखाली हात घातला. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गार आहे पाणी." मी त्यांची हनुवटी पुसली. त्यांची दाढी हाताला खरखरीत लागली. मी परत येऊन खुर्चीत बसले.

मग माझ्या मानेला हिसका बसला. मी खुर्चीतच होते. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मी उठून कागदावर खूण केली. ढमे, ती खूण मी खऱ्या मनाने केली. हाताला दाढीची खरखर होती अजून.

साडेपाचला टेबल पुसायला घेतलं. पेला तांब्यावर उपडा होता. जेवणानंतर बाबांना पाणी दिल्यावर मी तो तसा ठेवला होता, आणि तो तसाच होता. मी उचलला, आत बोट फिरवलं. कोरडा.

मी पेला परत उपडा ठेवला आणि बाबांना विचारलं, "बाबा, चारची गोळी घेतलीत ना?"

ते म्हणाले, "तू दिली असशील तर घेतली असेल."

पट्टी समोर होती. मोजायला दोन मिनिटं पुरली असती. मी मोजली नाही, कारण मोजली असती तर कळलं असतं. मनात म्हटलं, खूण आहे ना, म्हणजे दिलीच. परत दिली आणि दुप्पट झाली तर? ढमी आली की तिला विचारू, तिला कळतं यातलं. असं म्हणून मी कपडे घड्या करायला घेतले.

साडेसातला तू आलीस. दारात एका पायावर उभी राहून चप्पल काढता काढता विचारलंस, "चारची दिलीस?"

मी म्हटलं, "दिली."

बस. एवढंच. तेव्हा मी झोपेत नव्हते. माझ्या हातात बाबांचा सदरा होता आणि दिवा लागलेला होता. तू थकलेली दिसत होतीस, मला तुझ्याशी वाद नको होता, आणि "दिली" म्हणणं सोपं होतं.

रविवारी दादाने गोळ्या मोजल्या तेव्हा मला खात्रीने कळलं. तू म्हणालीस, माझीच राहिली असेल. मला वाटलं, आता बोलते. पण दादा ओरडला, आणि तू उठून आत गेलीस, आणि ती वेळ गेली. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, आज बोलते. तशी नऊ वर्षं गेली. मी इथे आले ते एवढ्याचसाठी, की कुणीतरी मला सांगावं, बाई, तू झोपेत होतीस. ते कालच सांगून झालं. साडेचारपर्यंतचं झोपेत होतं. साडेपाचचं, साडेसातचं आणि पुढचं सगळं माझं आहे.

तुझी एकही गोळी चुकली नव्हती. तुझ्या वाट्याच्या दहाच्या दहा तू वेळेवर दिल्यास. राहिली ती शुक्रवारची चारची, आणि तिच्यापुढच्या खुणेचा हात माझा होता.

छोटीला तुझ्याच हाताने औषध दे. त्या हाताला काही झालेलं नाही.

ताई

१ एप्रिल

ढमे,

फोनवर तू म्हणालीस, "दादाला तोंडावर सांग. मग एक पत्र टाक. एकच." म्हणून हे लिहिते.

आधी त्या फोनबद्दल. मी कॉरिडॉरमध्ये होते, आत एक पाहुणी उठवायची होती. तू "हॅलो" म्हणाली नाहीस. म्हणालीस, "किती वाजता शंका आली तुला? नक्की सांग."

"साडेपाच."

मागे छोटी काहीतरी मागत होती आणि तू तिला "थांब गं" म्हणालीस. नंतर म्हणालीस, "साडेपाचला दिली असतीस तरी चाललं असतं. दीड तासच झाला होता. उशीर झाला तर आठवेल तेव्हा द्या, पुढची अगदी जवळ आली असेल तरच सोडा. काउंटरवर मी रोज वीस जणांना हेच सांगत होते. बहिणीला एवढं विचारावंसं वाटलं नाही? दुकानाचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता."

मी म्हटलं, "नाही वाटलं."

"रडू नकोस. तू रडलीस की मला तुझी समजूत घालावी लागते. आज मी घालणार नाही."

मी रडले नाही. आतल्या पाहुणीला सात मिनिटं उशिरा उठवलं. तशी नोंद केली आणि कारण लिहिलं: माझा फोन.

रविवारी दादाकडे गेले. तो स्टुलावर उभा राहून पंखा पुसत होता. मी म्हटलं, खाली उतर. तो म्हणाला, सांग की, कान खालीच आहेत. मी सांगितलं. पेला, पट्टी, तू दारात विचारलेलं, सगळं. तो पाती पुसतच राहिला, मग एकच पातं परत परत पुसायला लागला.

"नऊ वर्षांनी आठवलं होय तुला?"

"आठवत रोजच होतं."

तो खाली उतरला आणि त्याच स्टुलावर बसला. हातात काळं फडकं तसंच. वहिनी दारात येऊन उभी होती.

"मी काय काय बोललो होतो पोरीला," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "आणि तू तिथे उभी होतीस."

"हो."

"खिडकीपाशी."

"हो, दादा."

वहिनी म्हणाली, "आता तरी तिला फोन लावा."

"कुठल्या तोंडाने लावू?"

"ज्या तोंडाने बोललात त्याच. दुसरं कुठून आणणार?"

त्याने माझ्यासमोर लावला नाही. मला जेवायला थांब असंही म्हणाला नाही. जिन्यापर्यंत वहिनी आली आणि पाठीवर हात ठेवून परत गेली. रात्री त्याने तुला फोन केला हे मला मावशीकडून कळलं. काय बोललात ते मी विचारलं नाही. नवऱ्याला पोचवायला तू आणि छोटी दोघी गेलात आणि दोघीच परत आलात, तेही तिनेच सांगितलं. छोटीचे कपडे परत कपाटात गेल्याचं ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले.

आज सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी माझा फोन वाजला. तुझा निरोप मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झाला आहे, तरी इथे उतरवते:

"दिली. हात कापत होता. छोटी म्हणाली, आई, सांडेल, मी धरू का. कळवतेय म्हणजे बोलतेय असं समजू नकोस."

नाही समजत, ढमे. आणि संध्याकाळचं मला कळवू नकोस. तू देशील.

ताई